सरांच्या खिडकीतला नारळ

बातमी आली तेव्हा मी वणीजवळ, पोरीच्या सासरच्या रानात, हातावर नारळ घेऊन उभा होतो. मी पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, रानभर फिरायचं, जिथं तो उभा राहील तिथं बोअर मारायचा, हा आपला धंदा. निम्मं रान झालं होतं आणि नारळ ढिम्म. तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या हातानं कानाला लावला तर आंबेकर सर गेले म्हणे... हात असा हलला की नारळ उसळून माझ्याच अंगठ्यावर पडला. मी पाय धरून खाली बसलो, डोळ्यांतनं पाणी. व्याही सगळ्यांना म्हणाले, "नारळानं उडी घेतली. पाणाड्याला पण रडू आलं. लय पाणी हाय इथं." तिथं दगड रोवला, कुंकू वाहिलं, बोअरच्या गाडीवाल्याला फोन पण केला. मी काय बोलणार? व्याह्यापुढं तोंड उघडायचं धाडस माझ्यात लग्नापासूनच नाय.

सर नाशिकरोडला राहायचे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, त्यातही विज्ञान नेमकं कशाला म्हणायचं, एवढंच. मी शाळेत एकदाच गेलो, तिथला बोअर दाखवायला. तो पण कोरडा गेला. सरांच्या गल्लीत मात्र पाणी लागलं. गल्लीनं मला हार घातला आणि या माणसानं विचारलं, "पांडबा, आता कुठं लागणार नाही ते सांग." म्हटलं, सर, नसलेलं पाणी दाखवायला मला बोलावतं कोण? ते खूष झाले. दर रविवारी चहाला ये म्हणाले. इथनं माझे हाल सुरू झाले.

आधी सांगितलं, जुन्या काळी लोक म्हणायचे, खूप बघा, पुन्हा पुन्हा बघा, त्यातनं नियम निघतो, तेच विज्ञान. मला लय पटलं. माझे लागलेले बोअर मी टपरीवर सगळ्यांना ऐकवले. कोरडे गेलेले ऐकवायला वेळ कुणाला असतो? पुढच्या रविवारी सर म्हणतात, ते मागं पडलं. शंभर ठिकाणी बरोबर आलं तरी काही सिद्ध होत नाही, आपण कुठं चुकू शकतो ते जो आधी सांगतो, तो विज्ञान करतो. म्हटलं, मग गेल्या रविवारी सांगायचं ना, टपरीवर बोंबलून बसलो मी.

मग त्यांनी पंच्यानं माझे डोळे बांधले आणि अंगणात फिरवलं. नारळ आडवाच. पंचा सोडला तर मी त्यांच्या जमिनीतल्या टाकीवर उभा. पायाखाली टाकी तुडुंब आणि नारळ झोपलेला. बाई, म्हणजे सरांची बायको, ओट्यावर हसत बसल्या. मी म्हटलं, हे नळाचं पाणी, नारळाला वाहतं लागतं.

सरांनी टाळीच वाजवली. म्हणाले, अशी पळवाट मोठे शास्त्रज्ञ पण काढतात. एक ग्रह ठरल्या वाटेनं जाईना, तर त्यांनी नियम टाकला नाही, म्हणाले पलीकडं दुसरा ग्रह असणार, तो ओढतोय. आणि तो सापडला. दुसऱ्या एका ग्रहाबद्दल तेच म्हणाले, तिथं काहीच सापडलं नाही. मी उड्या मारल्या. म्हणजे माझी पळवाट पण विज्ञान?

"नाही रे. त्यांनी दुर्बीण लावली. तू जेवायला घरी निघालास."

पुढं आणखी वैताग. आता म्हणे, विद्वानांची पिढीच्या पिढी एकाच चष्म्यातनं बघते, चष्मा बदलला की तोच दगड वेगळा दिसतो. मग म्हणे, विज्ञानाची एकच ठरलेली रीत नसतेच, असं पण कुणी म्हणून गेलंय. अहो, मी एक पाठ करतो तोवर तुमच्यात दुसरं येतं. एवढ्या वेळा तर आमचा सरपंच बदलत नाय. शेवटी आजारपणात पलंगाशी बसून हात जोडले. सर, एकदाच सांगा, माझा नारळ खरा का खोटा?

"मी सांगून काय उपयोग? तू कुठं बघितलंस?" म्हणाले आणि कूस बदलली... असा माणूस. उत्तर न देता गेला.

परवा बाईंनी बोलावलं. पेपरच्या पुरवणीत सरांवर लेख येणार आहे, तुम्ही पण बोला, मी लिहून घेते म्हणाल्या. सरांच्या खोलीत खुर्ची तशीच, खिडकीत माझा तो टाकीवरचा नारळ. सरांनी तेव्हाच मागून घेतला होता. हलवला, आतलं पाणी कधीच आटलेलं. सवयीनं तळहातावर ठेवला. खुर्चीपाशी नारळ उभा राहिला. बाईंना हाक मारणार, तेवढ्यात सरांचं आठवलं, कुठं लागणार नाही ते सांग. म्हणून कपाटापाशी गेलो. उभा राहिला. दारात उभा राहिला. मोरीपाशी पण. सगळ्या खोलीत तो आडवा पडेल अशी जागाच सापडेना, आणि माझा हात नुसता थरथरत होता.

एवढ्या वर्षांनी उत्तर आणलं, तर टाळी वाजवायला माणूस नाय. लय राग आला सरांचा.

मग खुर्चीत बसलो आणि व्याह्यांना फोन लावला. गाडी उद्या येणार होती. म्हटलं, गाडी थांबवा, त्या दगडाखाली काय हाय मला ठाव नाय. ते म्हणाले, मग नारळानं उडी कशाला घेतली? म्हटलं, उडी माझ्या हातानं घेतली. व्याही म्हणाले, "मग पाणी कुठं हाय?"

म्हटलं, बघावं लागंल.