हवाईचे हार

रविवारी दुपारी आमच्या सोसायटीत ‘हवाई पार्टी’ झाली. दारातच प्रत्येकाच्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचा हार पडत होता. जीन्सवर प्लास्टिकच्याच गवताचे घागरे चढवून मंडळी कंबर हलवत होती. हवाई बेटांवर असा हार पाहुण्याला प्रेमाने घालतात आणि सुकल्यावर कचऱ्यात न फेकता मातीला परत देतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते आठवत होते, तेवढ्यात शेजारच्या नानांनी पनीर खाऊन तेलकट झालेले हात गळ्यातल्या हारालाच पुसले. मला शिसारी आली. दुसऱ्यांच्या पाहुणचाराचं आम्ही फडकं केलं होतं.

सगळे गेल्यावर झाडायला सुमनबाई आल्या. उष्ट्या अननसाशेजारी पडलेल्या एका हाराला त्यांचा पाय लागला. त्यांनी चटकन वाकून हाराला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

“ताई, हे निर्माल्यात टाकू ना?”

“प्लास्टिक आहे हो ते. कचऱ्यातच टाका.”

त्यांनी तो हार उचलून माझ्यासमोर धरला. माझ्याच खुर्चीखालचा होता. पांढऱ्या फुलांवर लाल सॉसची चार बोटं उमटली होती.

मी हात पाठीमागे घेतला.