घंटी थांबवणारे भाई

फोनवाल्या भाईंना एक गोष्ट अजिबात खपत नसे: एकाने फोन उचलला तरी दुसरीकडे घंटी वाजत राहणं. चहा अर्धा टाकून धावत. अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात इंटरनेटवरचे फोन त्यांनीच बसवलेले. दवाखान्याचा एकच नंबर फिरवला की माझं रिसेप्शन, वॉर्ड आणि डॉक्टरांची खोली, तिन्हीकडे एकदम वाजे.

मला मेलं नसतं कुतूहल. एकाने उचललं हे बाकीच्यांना कळतं कसं? भाई म्हणाले, मधला सर्व्हर एका कॉलच्या तीन फांद्या करतो. एकीवर फोन उचलला गेला की बाकीच्यांना 'रद्द' म्हणून कळवतो. तिथले फोन 'बरं, थांबलो' असं उत्तर देऊन गप्प होतात. आणि दोघांनी एकदम उचलला तर? भाई एकदम खुलले.

"आता कामाचं इचारलं, ताई. उचलला त्याले रद्द नाही करता येत. त्याले आधी पोच द्या लागते, तुमचं भेटलं म्हून, मंग खुदा हाफीज. अन् हे सर्व्हर नाही करत. ज्यानं फोन लावला त्यानंच करा लागते."

माणूस वागायचाही तसाच. कुणाला रक्त लागलं की पाच-सहा ठिकाणी फोन लावायचे आणि एक जण मिळाला की बाकीच्या प्रत्येकाला कळवायचे. आम्ही चिडवायचो, तर म्हणत, आपल्यापायी कोणी ताटकळत बसला तर घास कसा उतरतो?

गेल्या उन्हाळ्यात भाईच आमच्या वॉर्डात दाखल झाले. त्यांच्या गटाचं रक्त पेढीत नव्हतं. मी आठवेल त्याला फोन लावला. परतवाड्याचा एक मास्तर आणि बाळापूरचे भाजीवाले काका, दोघांचंही उत्तर एकदमच आलं, निघालो म्हणून. बाकीच्यांना मी थांबवलं.

दोघेही वाटेत असताना भाई गेले.

डॉक्टर म्हणाले, मी कळवतो. मी नको म्हटलं. फोन मी लावले होते. मास्तरांचे आभार मानले, मग सांगितलं. ते वाटेतूनच परतले. काका एसटीत, मूर्तिजापूरपाशी पोचलेले. त्यांचेही आधी आभार मानले. पुढचं सांगताना मला रडू फुटलं.

"माह्या पोरीच्या बाळंतपणात भाईनंच रक्त आणून देल्लं होतं," काका म्हणाले. "आता मले परत नोका धाडू, ताई. मातीले तरी पोचतो."