चार टर्मिनलांचे कंडक्टर

सबंध सुरत शहरात विजेची खरी माया होती ती फक्त आमच्या आतोबांना. बाकीच्यांना वीज गेली की वाईट वाटायचं, यांना ती असताना वाटायचं. बिचारी तारेतून धडपडत, तापत येते म्हणून! नव्वदच्या दशकात भेस्तानला त्यांच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं, की आत्याने चहाचं आधण ठेवायच्या आत आतोबा सुरू. गारठवलेल्या धातूतून वीज कशी विनारोध धावते, तिथे इलेक्ट्रॉनच्या जोड्या कशा जमतात, वगैरे. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, पण "आपण काय करता?" असं कुणी विचारलं, तर "शिकवतो" म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. "माझं काम सुपरकंडक्टरवर," असं छाती पुढे काढून सांगत. आपण मान डोलवायची.

पदार्थाच्या काही अवस्थांना म्हणे असा पीळ असतो, की ताणा, चुरगळा, तो जात नाही. हे पटवायला ते पायजम्याची नाडी ओढून काढत, तिला एक पीळ देऊन दोन्ही टोकं शिवत आणि म्हणत, "आता घालव पीळ! कापल्याशिवाय जायचा नाही." घरातला एक पायजमा नाडीसकट सापडेल तर शपथ. एकदा ऐन रंगात त्यांचा हात अंगातल्याच नाडीकडे गेला, आत्या "अहो!" म्हणून ओरडली, म्हणून अब्रू वाचली.

त्यांची एकुलती एक मुलगी विद्या. बारडोलीच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक मुलगा तिने लिंबायतच्या एका लग्नात पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. लिंबायतच्याच एका नातलगाने मध्यस्थी केली आणि मुलाकडे भाबडेपणाने सांगितलं, "मुलीचे वडील सुपर कंडक्टर आहेत." मुलाचे वडील एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. हरखलेच ते!

बघायला आले तेव्हा मी तिथेच होतो. पोह्यांच्या बशा हातात पडल्या आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, "भाऊसाहेब, आमचा जन्म एका टर्मिनलवर गेला. तुमच्याकडे किती?"

"चार!" आतोबा खुलले. "दोन तर कुणीही सांभाळतो. चारांत खरी गंमत. एकाला जरा डिवचलं, की बाकीच्या तिघांना कळतं."

"फोन न करता?"

"फोन कशाला? आणि एकटादुकटा आला तर धक्के खातो. जोडीने आले की सुळकन पार, अडवणारं कुणी नाही."

"तिकीट?"

"तिकीट कसलं? फुकट!"

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. "मी जन्मात विनातिकीट माणूस बसू दिला नाही. असल्या घरात सोयरीक नको," म्हणत ते उठले, चपला शोधू लागले. आत्या दारात थिजली. मुलगा बिचारा खाली बघत बसला. आतोबांना काय बिघडलं हेच कळेना. ते "थांबा, नाडी दाखवतो," म्हणत निघाले!

चहाचा ट्रे घेऊन आलेली विद्याच बोलली, "काका, बाबा कॉलेजात शिकवतात हो. ते कंडक्टर म्हणजे धातू, आणि टर्मिनल म्हणजे त्याला तारा जोडायची टोकं. बाबांना बसमधून आपल्या स्टॉपवर उतरणंसुद्धा जमत नाही."

चपलेत एक पाय घातलेले पाहुणे असे हसले, की भिंतीला टेकावं लागलं. "मग त्या फुकट्या जोड्या?"

"इलेक्ट्रॉनच्या," आतोबा दुखावल्या सुरात म्हणाले.

"मग जाऊ द्या बिचाऱ्यांना!" पाहुणे पुन्हा बसले आणि उरलेले पोहे संपवून लग्नाची तारीख ठरवूनच गेले.

लग्नात सगळे रडले, आतोबा नाही. बारडोलीची गाडी हलताना मला म्हणाले, "बघ, जोडी सुळकन पार." संध्याकाळी आत्याने दोघांचीच पानं वाढली. मी आधीच जेवून तिथे रेंगाळलो होतो. आतोबा किती तरी वेळ भात नुसता चिवडत राहिले. मग म्हणाले, "विद्या अजून जेवली नाहीये."

"इथे बसून तुम्हाला काय कळतं?" आत्या डोळे पुसत म्हणाली.

"कळतं," आतोबा म्हणाले आणि त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं. "मीही एक टर्मिनलच ना."