उशाशी ठेवलेली तलवार

देवावर माझा विश्वास होता की नुसती त्याची भीती होती, हे त्या उन्हाळ्यापर्यंत मला कळलं नव्हतं. मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. संस्थान होतं तेव्हा आजोबा दरबारच्या फौजेत होते, आणि मी शहरातल्या मल्हारगंज मोहल्ल्यात राहून कापडाच्या मिलमध्ये रातपाळी करत होतो. बायको शाळेत शिकवायची. ती निघाली की दहा महिन्यांच्या मुलीला शेजारी घेऊन मी जमिनीवरच अंथरूण टाकायचो. महिनाभर सारखं तेच होत होतं. डोळे उघडायचे, खोली दिसायची, पण बोटसुद्धा हलायचं नाही. छातीवर कोणीतरी बसलेलं असायचं. ओरडू म्हटलं तर आवाज फुटायचा नाही.

डॉक्टर म्हणाले, "रात की पाली है, नींद कच्ची रहती है. दिमाग जाग जाता है, बदन सोया रहता है. चित मत सोया करो." नुसतं उताणं न झोपल्याने हे थांबेल, हे मला पटलं नाही. खंडोबाची तळी भरायची राहून गेली होती, त्याच्याच कोपाने हे भूत छातीवर बसतंय, असं मनाने घेतलं. आमच्या घरात आजोबांची तलवार फक्त दसऱ्याला म्यानातून निघते. मी ती देवघरातून काढली आणि उघडीच उशाशी ठेवू लागलो. लोखंडापाशी भूत येत नाही म्हणतात ना! बायको चिडली, "अहो, बच्ची रांगायला लागली आहे, जरा तो विचार करा!" मी तिलाच गप्प केलं.

एका दुपारी पुन्हा छाती दाबली गेली. डोळे उघडले तेव्हा मुलगी जागी होती. ती माझ्या अंगावरून उतरून हसत हसत चकाकणाऱ्या पात्याकडे निघाली होती. मी सगळा जीव एकवटला. हात हलेना. खंडोबाचं नाव घ्यायला गेलो, तेही ओठांवर येईना. तिचा तळहात पात्यापासून वीतभर राहिला. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. शेवटी झटापट सोडली आणि मनात एवढंच म्हणालो, 'माझ्याने होत नाही रे, तूच सांभाळ.'

दार ढकलल्याचा आवाज आला. रोज न चुकता घालत असलेली कडी त्या दिवशी राहिली होती. बेटमा गावाकडची कांदे विकणारी एक म्हातारी पाणी मागायला आत डोकावली. टोपली तिथेच टाकून तिने पोरीला उचललं. "ओ भैया, छोरी तलवार पकड़ री है ने तम सोई रया हो?" तिच्या ओरडण्याने माझं अंग सुटलं. मी तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडलो.

ती पाणी प्यायली आणि गेली. पुढे बाजारात मी तिला पुष्कळ शोधलं, पण भेटली नाही. त्याच संध्याकाळी तलवार म्यानात घालून देवापुढे ठेवली आणि बायकोची माफी मागितली. आता कुशीवर झोपतो, डॉक्टरांचंही ऐकतो. तरी कधीतरी ते ओझं येतंच, आणि मी घाबरतोच. पण आता झगडत नाही. त्या दुपारचं तेच वाक्य मनात म्हणतो आणि घरात फिरणाऱ्या मुलीच्या पावलांचा आवाज ऐकत पडून राहतो.