झाडाला सांगितलेलं नाव

सुमनमावशी माणसांसमोर कधी डोक्यावर पदर घेत नसे. सरपंच येवो, जावई येवो, पदर आपला खांद्यावरच. पण शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बिब्ब्याच्या झाडाजवळ गेली की ती चप्पल काढायची, कपाळ झाकेल इतका पदर पुढे ओढायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "मी होय. राग नका करू." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा झाडामागे तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, बसले असावेत असं वाटून वाकून पाहिलं होतं. मागे कोणीच नव्हतं.

मावशी रामाकोन्याची. नात्यानं आमची कोणी नव्हे, पण माझ्या आईची आणि तिची ओळख आमच्या आठवणीच्या आधीची. माझं सौसरला औषधांचं दुकान आहे. थंडी पडली की माझी काचेची कपाटं कोल्ड क्रीम, ओठांची मलमं, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांनी भरून जातात. आणि नेमक्या त्याच दिवसांत उललेल्या गालांच्या बाया माझ्या दुकानावरून सरळ पुढे जाऊन रामाकोन्याच्या गाडीत बसायच्या. मावशीकडे संत्र्याच्या वाळवलेल्या सालींचं उटणं मिळे, कोमट जवसाचं तेल मिळे, आणि सोबत फुकटचं बोलणंही मिळे.

"थंडीत कातडं बाहेरून नाही, आतून सुकते गा. आधी पोटाले तेल पाज, मंग अंगाले लाव," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, "मावशी, माझं दुकान बसवणार तुम्ही." ती माझी कोल्ड क्रीमची डबी हुंगून परत द्यायची. "वास बरा हाये. लेकराच्या बाहुलीले लावजो."

पण तिचं खरं काम बिब्ब्याचं. बिब्ब्याच्या टरफलात काळं, जळजळीत तेल असतं. ते ज्याला लागतं त्याच्या अंगावर उततं, फोड येतात, तोंड सुजतं. आतली गोडंबी मात्र गोड. ती काढून मावशी जवस, डिंक आणि गुळाबरोबर थंडीचे लाडू वळायची. टाचा फारच उलल्या असतील तर सुईवर बिब्बा तापवून तेलाचा एक थेंब भेगेत सोडायची. मी औषधवाला म्हणून सांगतो, हे घरी करू नका. आयुष्यभर बिब्बे फोडून तिची बोटं तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती, पण त्यांवर कधी फोड आला नव्हता. चेहरा तर सत्तरीतही तुकतुकीत.

ती बिब्बा हा शब्द उच्चारत नसे. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं. 'थे' म्हणायची. आणि कोणालाही लाडू देण्याआधी त्याचं नाव विचारून झाडाला सांगून यायची. "ज्याले थे ओळखतात त्याले उतत नाही," म्हणायची. मी दोनतीनदा तिच्यासोबत गेलो आहे. वारा नसायचा. कापसाची बोंडं स्थिर असायची. मावशी नाव सांगायची आणि त्या झाडाची एकच फांदी हलायची. एखादं पाखरू उडालं असेल असं मी दरवेळी स्वतःला समजावायचो, आणि दरवेळी पाखरू दिसायचं नाही.

माझं लग्न झालं त्या थंडीत माझ्या बायकोच्या टाचांतून रक्त येऊ लागलं. ती पांढुर्ण्याची. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, अनुराधा. आई तिला रामाकोन्याला घेऊन गेली, गाडी चालवायला मी होतो. मावशीनं विचारलं, "नाव काय व तुह्यं?" सासू शेजारी उभी. नव्या सुनेनं मान खाली घालून सांगितलं, "अनुराधा."

मावशी झाडाकडे गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आज राहू द्या. थे काही बोलून नाही राहिले."

"एवढ्या लांबून आलो न बाई," आई म्हणाली. "पोरीले चालता नाही येऊन राहिलं." मावशीचा नाइलाज झाला. टाचेला थेंब लागला, लाडूही खाल्ला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको मला ओळखू आली नाही. डोळे मिटलेले, ओठ सुजून उलटे झालेले, गळ्यापासून पायापर्यंत फोड. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. तरी सूज चढतच गेली, श्वासाला घरघर लागली. आई जामसावळीच्या हनुमानाला नवस बोलली. नागपूरला हलवायचं ठरलं, गाडी दारात लागली, आणि गाडीमागून सुमनमावशी आली. आम्ही तिला निरोप धाडला नव्हता. रामाकोना सोडून ती सौसरला कधी आल्याचं मला आठवत नाही.

ती उंबऱ्यावरच थांबली. "हे नाव तुह्यं नाही व. तुही माय कोन्त्या नावानं बलावे?"

बायकोनं सुजल्या ओठांनी कसंबसं सांगितलं, "रोशनी." मावशी पाणीही न पिता वळली.

नागपूरच्या दवाखान्यात त्या संध्याकाळपासून सूज उतरू लागली. इंजेक्शनांनी उतरली. मी त्याच धंद्यातला माणूस, मला दुसरं काही म्हणता येत नाही. पण त्याच संध्याकाळी रामाकोन्याच्या लोकांनी मावशीला झाडाखाली पाहिलं. डोक्यावर पदर नव्हता. एखाद्याशी घासाघीस करावी तशी ती झाडाशी बोलत होती, आणि झाड हलत होतं. सगळं झाड.

त्यानंतर ती धुऱ्याकडे फिरकली नाही. लाडू बंद झाले. उटणं तेवढं देत राहिली. माझी बायको मात्र दर हप्त्याला तिच्याकडे जाऊ लागली. दोघी ओसरीवर ऊन खात जवस निवडायच्या. मावशी तिला रोशनीच म्हणायची, अख्ख्या सासरात ती एकटीच.

मागच्या थंडीत मावशीला उतलं. बोटांपासून सुरुवात झाली, मग दंड, मान, ते तुकतुकीत गाल. तिनं कितीतरी दिवसांत बिब्ब्याला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय झालं, रक्त बिघडलं. मी दुकानातली होती नव्हती ती औषधं नेली. तिनं घेतली, हसून घेतली, आणि काही फरक पडला नाही.

एका दुपारी आम्ही दोघं गेलो तेव्हा माझी बायको तिच्या खाटेजवळ बसली. "मावशी, सुमन हे सासरचं नाव होय न? माहेरचं सांगा. मी जाऊन सांगतो त्याईले."

मावशी आढ्याकडे पाहत म्हणाली, "त्याईनं तुह्यं नाव सोडावं म्हनून बदल्यात एक मांगतलं व. माह्यापाशी माहेरचंच तेवढं होतं. देऊन टाकलं. आता मलेच आठोत नाही."

"मंग मी माह्यं देतो."

"खबरदार!" मावशीचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नंतर ती हळूच म्हणाली, "मायनं ठेवलेलं नाव होय. असं देत नसतात."

दोन दिवसांनी ती गेली. अंगावर फुटलेले फोड पाहून शेवटची आंघोळ घालायला बाया पुढे होईनात. माझी बायको आत गेली, दार लोटलं आणि तिनं एकटीनं, उघड्या हातांनी, मावशीला उटणं लावून न्हाऊ घातलं. मी बाहेर उभा होतो आणि मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. फोडांच्या पाण्यानं उतत नाही हे मला ठाऊक आहे. तरी मी पुढचे कितीतरी दिवस तिचे हात उलटेपालटे करून पाहत होतो. एक पुरळही आली नाही.

मावशीला उचलायच्या आधी बायको तिच्या कानाशी वाकली होती. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. काय सांगत होतीस, असं मी घरी आल्यावर विचारलं.

"एकदा हाक मारायची होती," ती म्हणाली. "कोणत्या नावानं मारू, तेच कळेना."