दिवस मावळला का रं?

निपाणीच्या स्टँडवर आत्ती (आत्या) डबा न घेताच आली, तेव्हाच मी डब्याचं विचारलं. तिला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई, आणि दिवस मावळल्यावर काही न खाण्याचा आम्हा जैनांचा नेम. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला बेळगावला लेकीकडं पोचवायला मी पुण्याहून आलो होतो.

"बसमधी कोन जेवतंय व्हय रं? कॅम्पात लेकीच्या घरी पोचल्यावर ताटावर बसायचं," ती म्हणाली.

संकेश्वर मागं पडलं. दोन्हीकडं ऊस, पुढं डोंगर. मी खिडकीबाहेर बघत होतो, तेवढ्यात तिनं पदराआड सुई टोचूनसुद्धा घेतली! पोचल्या पोचल्या जेवता यावं म्हणून. सुईनंतर लगेच पोटात काहीतरी जावं लागतं. आणि वंटमुरी घाटात ट्रक आडवा झालेला.

"लई वेळ लागतंय," कंडक्टर म्हणाला.

पृथ्वी फिरते, सूर्य नाही, हे मी वर्गात शिकवतो. त्या संध्याकाळी मात्र त्यालाच विनवत होतो, थांब की बाबा जरा! तो थांबला नाही.

आत्तीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मागच्या बाईंनी गुळाचा खडा पुढं केला. "तगोळ्री (घ्या)." आत्तीनं ओठ घट्ट मिटले.

"दिवस मावळला का रं? मला दिसंना. खरं सांग."

'न्हाय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"मावळला, आत्ती. पण तुझी साखर उतरलीया. आत्ता गूळ म्हंजे जेवण न्हवं, औषध हाय."

मग तिनं तोंड उघडून गुळाचा खडा जिभेवर घेतला. जरा सावरल्यावर म्हणाली, "खोटं बोलला असतास तर परत तुझ्या शब्दावर इस्वास ठेवला नसता."

कॅम्पात लेकीनं ताट वाढलं, ते तिनं बाजूला सारलं. "भाकरी औषध न्हाय." डॉक्टरांना फोन करून आम्ही तिला सकाळपर्यंत साखरपाणी पाजत, रक्त तपासत बसलो. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

ऑपरेशन नीट झालं. मी एकटा परतताना बस पुन्हा त्याच घाटात, दिवस कलता. काळजीनं फोन लावला.

"आत्ती, जेवलीस?"

"ताट पुढं आलं, मगच सुई घेतली. आता तसंच करायचं."

"आणि दिवस?"

"हाय की अजून, झाडाच्या शेंड्यावर. आज कुनाला इचारावं लागलं न्हाय."