मी दिलेलं माप

आमच्या डोंगरकडा गावात सुतारमामांच्या कामाला कोणी टेप लावत नसे. पेरणीच्या तिफणीचे फण असोत की दाराची चौकट, मामांनी "झालं, न्या" म्हटलं की माणूस वस्तू उचलून चालू लागायचा. त्यांच्या देखत मोजून बघणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणणं, असं सगळेच मानत. मीही मानत होतो. तेव्हा त्यांच्या कामाला मी कधी टेप लावली नाही. मी जे केलं ते त्याहून वाईट होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हिंगोलीला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दसऱ्याच्या प्रदर्शनात एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातला लाल गिटारवाला पोरगा पुढे आला, त्यानं नुसती एक तार छेडली आणि तो आवाज माझ्या छातीत शिरून बसला. विकत घेणं शक्य नव्हतं. मग वाटलं, आपणच बनवू. एका मासिकातून गिटारचा फोटो कापून घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घेऊन मामांच्या लिंबाखालच्या छपरात गेलो.

मामांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"सतार हाय व्हय ही?"

"न्हाई मामा, गिटार. करंटवर चालती."

"करंटवर? मंग वाजवता वाजवता चिटकून मरशील ना लेका." आतून मामी हसल्या. मामा म्हणाले, "बस. आधी रंधा धरायला शिक. मंग करंटचं बघू."

रंधा मारायला मी पंधरा दिवस शिकत होतो. मी उलट्या रेषेनं रंधा ओढायचो आणि फळीचे टवके उडायचे. मामा ओरडत नसत. फक्त फळी फिरवून द्यायचे. "झाड कोनीकडं वाढलं ते बघ आन् त्याच्यासंगं चाल." आंब्याच्या दोन फळ्या सरसानं चिकटवून अंग केलं. करवतीनं त्याचा आकार कापताना माझ्या तळहाताला फोड आले. मानेसाठी मामांनी स्वतःकडची सागाची पट्टी काढून दिली. मान अंगात बसवायची खोबण मी पटाशीनं कोरली ती इतकी सैल झाली की मान त्यात डुलायला लागली. मामांनी तीन पाचरी ठोकल्या, वरून रंधा फिरवला, आणि सांधा दिसेनासा झाला. मी तो सांधा मित्रांना दाखवत फिरलो. म्हणालो, मी केला.

पडद्यांचं काम शेवटी आलं. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांवर बोट दाबलं की सूर बदलतो. सतारीला असतात तसेच हे पडदे. आम्ही त्यासाठी सायकलीच्या चाकाच्या तारा कापणार होतो. पण कुठे बसवायच्या?

हे मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. पेटीवर एका सप्तकात काळ्यापांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात. तार मधोमध दाबली की वरचा सा लागतो, हे मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. मामांची घडीची पट्टी दोन फुटांची होती, म्हणून तारेची लांबीही मी दोन फूट धरली. चोवीस इंच. त्याचं अर्धं बारा इंच. पडदे बारा. म्हणजे इंचाला एक पडदा! हिशोब इतका सुबक जमला की तो चूक असेल अशी शंकाही आली नाही. एका लाकडी पट्टीवर मी पेन्सिलीनं बारा खुणा केल्या, त्यांना आकडे घातले आणि पट्टी मामांच्या हातात दिली.

मामांनी पट्टी फोटोच्या शेजारी धरली. बराच वेळ बघत राहिले.

"हे बघ. फोटोत वरचे लांब लांब हायेत. खाली खाली चिटकत चाललेत."

"फोटो तिरका काढलाय, मामा. लांबचं जवळ जवळ दिसतं."

"सगळेच फोटो तिरके असत्यात का?"

"मामा, हे सायन्स हाय."

मी हे शब्द कोणत्या आवाजात म्हणालो ते मला आजही ऐकू येतं. मामांनी पट्टी खाली ठेवली. "आसंल. तू शिकलेला हायेस." मग बारीक दातांची करवत घेऊन त्यांनी माझ्या खुणांवर बारा चिरा पाडल्या. एकही चीर खुणेच्या बाहेर गेली नाही.

तारा नांदेडहून यायच्या होत्या, त्या आल्या थेट गणपतीत. हिंगोलीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं लोहचुंबकावर तांब्याची तार गुंडाळून पिकअप करून दिला होता. ज्या दिवशी मंडपातल्या आरतीला वाजवायचं ठरलं होतं, त्या दिवशी दुपारी मी सगळं जोडलं. मोकळी तार छान वाजली. मधोमध, बाराव्या पडद्यावरही बरोबर वाजली. त्याच्या आधीच्या पडद्यांवर मात्र काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. ते मी ऐकलं, हे इथे लिहून टाकतो. ऐकलं आणि स्वतःला सांगितलं की तारा नव्या आहेत, बसतील.

संध्याकाळी मंडपात निम्मं गाव होतं. मामा पुढच्या रांगेत बसले होते, धुतलेली टोपी घालून. शेजारी मामी. आपल्या छपरातलं वाद्य आज माईकवर वाजणार, असं मामा दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

मी आरतीचे सूर धरले. पहिली ओळ लोक माझ्यासोबत म्हणाले. दुसऱ्या ओळीला बायका थबकल्या. पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पेटीचा आवाज वाढवला. माझी गिटार त्या आवाजाखाली ओढल्यासारखी, आजारी जनावरासारखी विव्हळत राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, म्हैस अडली काय रे? डागदरला बलवा!" सगळा मंडप हसला. पोरं म्हशीसारखी हंबरायला लागली.

मी वाजवणं थांबवलं. माईक माझ्या तोंडापुढेच होता. आणि मी बोललो, "माप मी बराबर दिलं होतं. सुतारमामांच्या हातून पडदे चुकले."

चूक नेमकी कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण खुणा माझ्या होत्या आणि चिरा त्या खुणांवरच होत्या, हे मला पक्कं माहीत होतं. लोक वळून मामांकडे बघू लागले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मामी म्हणाल्या, "चला." ते म्हणाले, "आरती होऊ दे." आरती संपेपर्यंत ते बसून होते.

दिवाळीत मी ती गिटार घेऊन नांदेडच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एकदा मानेकडे पाहिलं, खिशातली पट्टी काढून लावली आणि हसत सुटला. "मियाँ, एक एक इंच पे? ये तो फुटपट्टी बना दी आपने!" मग त्यानं समजावून सांगितलं. तार जसजशी आखूड होते तसतसं पुढच्या सुरासाठी कमी कमी अंतर लागतं, म्हणून पडदे खाली जाताना एकमेकांजवळ येतात. फोटोत होते तसे. मामांनी पाहिले होते तसे. "काम साफ है मगर," चिरांवरून नख फिरवत तो म्हणाला. "जिसने काटा, हाथ अच्छा है उसका."

हे ऐकून मी त्याच दिवशी गावी जायला हवं होतं. मी हिंगोलीला खोलीवर गेलो. गिटार खाटेखाली सरकवली. परीक्षा आहे, असं स्वतःला सांगितलं. परीक्षा चार महिन्यांनी होती.

पुढच्या पेरणीच्या आधी गावी आलो तेव्हा उगाच मामांच्या छपरात जाऊन बसलो. मनात होतं, बोलू. तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक शेतकरी तिफण न्यायला आला. मामा म्हणाले, "झालं, न्या." त्यानं खिशातून टेप काढली.

"मोजून घेतो मामा. न्हाई तर गिटार व्हायची."

त्यानं फणांमधलं अंतर मोजलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. मामा लिंबाच्या खोडाला टेकून उभे होते. "बराबर हाय," तो म्हणाला, जणू मामांना बक्षीसच देत होता. मी तिथंच, चार हातांवर, लाकडाच्या ओंडक्यावर बसलेलो. मी भुशाकडे बघत राहिलो. तो गेल्यावर मामी आतून म्हणाल्या, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "पाटलाच्या घरच्या चौकटी बी नांदेडवरून आल्या यंदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवरच्या हॉटेलात गेलो. दहाबारा माणसं चहा पीत होती. मी उभा राहून सांगितलं की गिटारीचं माप मी दिलं होतं, ते चुकीचं होतं, मामांनी मला टोकलंही होतं, आणि मंडपात मी खोटं बोललो.

माणसांनी एकमेकांकडे बघत माना डोलावल्या. मग हॉटेलवाला म्हणाला, "पाहा, लेकराचं मन किती मोठं हाय. म्हाताऱ्याची इज्जत झाकून राहिलं."

"खरंच माझीच चूक होती, काका."

"व्हय व्हय, समजलं आमाला. बस, चहा घे."

मी जितकं जीव तोडून सांगत होतो तितकी त्यांची खात्री पटत होती. मी बाहेर पडलो तेव्हा माझं नाव आणखी चांगलं झालं होतं, आणि मामांचा हात चुकतो हे पक्कं झालं होतं.

ही बातमी माझ्या आधी मामांकडे पोचली. मी गेलो तेव्हा ते करवतीचे दात घासत होते. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

"आता काहून सांगून राहिला तू?"

"मामा, ती मापाची पट्टी हाय ना? माझ्या अक्षरातले आकडे हायेत तिच्यावर. ती दाखवतो लोकायला."

"तिची म्या पाचर केली. हिवाळ्यातच. कोन्या चौकटीत गेली, ध्यानात न्हाई." कानस पुन्हा करवतीवर चालू झाली. "म्या माझ्या म्हनन्यावर अडून राहायचं होतं त्या दिवशी. न्हाई राहिलो. तुला राग येईल म्हनून."

एवढंच. एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आलो. आता वाटतं, त्यातही मी स्वतःचीच सोय बघत होतो.

त्यानंतर मामांनी एक केलं. गिऱ्हाइकानं टेप काढायची वाटच बघायची नाही. काम झालं की आपली टेप आपणच पुढे करायची: "घ्या, मोजून घ्या." लोकांना ते सोयीचं वाटलं. नव्या पोरांना तर वाटायचं, म्हातारा आधीपासून असाच आहे.

मला हिंगोलीत नोकरी लागली. काही वर्षांनी मी तिथे दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढचं दार मामांनीच करावं म्हणून गावी जाऊन त्यांच्यासमोर बसलो. ते सत्तरीचे झाले होते. येतील असं वाटलं नव्हतं. आले. पाच दिवस आमच्याकडे राहिले. माझी बायको त्यांना वाढायची तेव्हा ते तिच्याशी भरभरून बोलायचे. माझ्याशी कामापुरतं.

पाचव्या दिवशी दार उभं करून त्यांनी भिंतीला टेकवलं. हात पुसले. खिशातून टेप काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मोज."

"न्हाई मामा. तुमच्या कामाला..."

"मोज लेका. दुसऱ्यानं न्हाई मोजलं तरी चालंल. तू मोज."

दोन गवंडी सिमेंट कालवत होते, ते थांबून बघायला लागले. मी टेप घेतली. उंची मोजली. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजली. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या. वाकलो तेव्हा आकडे नीट दिसेनात, म्हणून पुन्हा मोजलं. दोन्ही कर्ण सारखे होते. एका सुताचाही फरक नव्हता.

"बराबर हाय," मी म्हणालो.

"कोनाचं?"

"तुमचं, मामा. तेव्हाबी तुमचंच बराबर होतं."

गवंड्यांना काही कळलं नाही. मामांनी टेप माझ्या हातातून घेतली, सावकाश गुंडाळली, खिशात घातली आणि बिजागऱ्यांची पिशवी जवळ ओढली.

"चल, धर एक बाजू," ते म्हणाले. "आन् हलवू नको."